मधला कप्पा
पंधरा दिवसांसाठी म्हणून मुलाकडे आलो, त्यामुळे बॅग रिकामी केलीच नाही; सदरा काढायचा, धुऊन पुन्हा आत ठेवायचा. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. म्हातारपणी कुणाला अडगळ व्हायचं नव्हतं. निघायच्या दिवशी सूनबाईनं बियांचं पाकीट हातावर ठेवलं. "बाबा, एवढी स्वीट विल्यमची फुलं बघा, मग खुशाल जा." खसखशीएवढं काळं बी मी चिमट्यानं एकेक करून परसात पेरलं. रोपं तरारली, पण पाच महिने नुसती पानं. कळीचा पत्ता नाही. वाटलं, माझ्याच हाताला गुण नाही. आज डोळ्याला भिंग लावून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली: फुलं दुसऱ्या वर्षी येतात. "तुला ठाऊक होतं?" सूनबाई कपडे वाळत घालत म्हणाली, "म्हणून तर आणलं." "कपाटात कुठला कप्पा रिकामा?" मी विचारलं. "मधला. तुम्ही आलात त्या दिवसापासून."