काढता पाय

"आक्का, तुझं एकही माणूस आजवर म्हातारं झालेलं नाही," भाऊ म्हणाला, आणि खेळात नुकत्याच मेलेल्या ढालवालीचा कागद त्याने तिच्यापुढून उचलून घेतला.

धाकटी बहीण फिस्सकन हसली. आक्कालाही हसू आवरेना. रविवारची दुपार होती, लाँड्री बंद होती, आणि मागच्या खोलीतल्या लांबलचक इस्त्रीच्या टेबलावर भावाने नकाशा पसरला होता. भाऊ गोष्ट सांगायचा. आक्का, धाकटी आणि भावजय आपापलं एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायच्या. आणि बेत साधला की फसला ते फासे ठरवायचे. सोंगट्या म्हणून शर्टांची सुटी बटणं. लाँड्रीत त्यांना काय तोटा!

आक्काची पात्रं सगळी एकाच मुशीतली. समोर राक्षस दिसला की छाती काढून उभी राहायची, मागच्यांना ओरडून सांगायची, "तुम्ही निघा, मी बघते!" आणि मरायची. दुकानातही तिचं वाक्य हेच होतं. घरातही.

"या वेळी मंक घ्या," भावजय म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, बोलायची मोजकंच, पण खेळाचे नियम तिला तोंडपाठ. "मठात वाढलेली बाई. शस्त्र नाही, चिलखत नाही. नुसते हातपाय."

"चिलखतसुद्धा नाही? मग मार कसा सोसेल?"

"सोसायचाच नाही."

आक्काने कागद पुढे ओढला आणि हाताशी होते ते सगळे गुण ताकदीच्या रकान्यात भरून मोकळी झाली. भावजयीने खोडरबर पुढे केलं.

"ताकद उरलीसुरली चालेल, आक्का. आधी चपळाई, मग समज. वार चुकवायचा तो या दोघींच्या जोरावर. आणि हा बघा, दम. थोडाच मिळतो, ऊठसूट उधळायचा नाही. मोठं धूड समोर आलं की वापरायचा. असा फटका, की ते जागच्या जागी सुन्न झालं पाहिजे. मग काढता पाय घ्यायचा."

"पळून जायचं?"

"पळायचं कशाला? आपलं काम झालं की निघायचं."

"आणि तुम्ही दोघी?"

"आम्ही आहोत की," भावजय म्हणाली.

हे आक्काच्या पचनी पडेना. तिने ताकद खोडली, पुन्हा थोडी लिहिली, पुन्हा खोडली. शेवटी कागदावर एक सडपातळ, डोळस, वाऱ्यासारखी बाई तयार झाली. आक्काला ती कुणा परक्या घरची वाटली.

खेळ पुढे सरकला. खोल दरीवर दोरांचा पूल. पलीकडच्या टोकाला राक्षस, पुलाच्या मध्यावर धाकटीची तिरंदाज, अलीकडे भावजयीची जादूगारीण. आक्काचं बटण, कोटाचं, मोठं, तपकिरी, पुलाच्या तोंडाशी.

"मी कठड्याच्या दोरावरून धावते," आक्का म्हणाली, "आणि त्याला हाणते. दम लावून."

फासे टेबलाच्या पार कडेला जाऊन थांबले. भावाने वाकून पाहिलं.

"लागला! राक्षस सुन्न. अजून तुझी धाव शिल्लक आहे, आक्का."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बटण तिच्या बोटाखाली होतं. पुढे राक्षस, मागे धाकटी. 'तुम्ही निघा' हे शब्द तिच्या जिभेवर येऊन बसले. धाकटीने 'जा' अशी मान हलवली, अगदी थोडी.

आक्काने बटण उचललं. राक्षसाच्या बगलेतून काढलं आणि पलीकडच्या कड्यावर, नकाशाच्या अगदी टोकाला, नेऊन ठेवलं. गॅसवर दूध ठेवून घराबाहेर पडल्यासारखं तिला झालं.

सुन्न झालेल्या राक्षसावर धाकटीने धडाधड बाण सोडले. तो भानावर आला तसा तिच्यावर चालून गेला. तिला एक तडाखा बसलाही. आक्का खुर्चीतून अर्धी उठली.

"बस गं!" धाकटी ओरडली. "मला येतं!"

आक्का बसली. धाकटी दोन पावलं मागे सरली, भावजयीने जाळ सोडला, धाकटीने त्या जाळातूनच शेवटचा बाण मारला, आणि राक्षस पुलावरच आडवा झाला. दोघी एकमेकींच्या हातावर टाळ्या देत इतक्या किंचाळल्या, की रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी बंद शटरवर थाप मारली. भाऊ लुटीत काय सापडलं ते सांगू लागला. धाकटी मध्येच तोडून आपला बाण कसा लागला ते पुन्हा सांगू लागली.

बऱ्याच वेळाने भावाच्या लक्षात आलं.

"आक्का, तू कुठे आहेस?"

"इथेच. कड्यावर." आक्का खुर्चीत मागे रेलली होती. "बसलेय. पाय खाली सोडून."

"जखम वगैरे?"

"ओरखडासुद्धा नाही. दम खाते जरा." मग तिने विचारलं, "खाली दरीत नदी आहे ना रे?"

भावाने नकाशाकडे पाहिलं. दरीत काहीच काढलेलं नव्हतं.

"आहे," तो म्हणाला, आणि त्याने पेन्सिल उचलली.