आधी वाचून या

“दार सताड उघडं आहे, मग बायकांना वेगळं आवतण कशाला?” हेरंबने टेबलावर हात आपटला.

वाचनालयांसाठीचं हे फुकट सॉफ्टवेअर त्यानेच सुरू केलेलं. कुणीही त्यात दुरुस्ती करून पाठवावी, हीच रीत. बारा वर्षांत चाळीस जणांनी पाठवली, त्यात बाई एकही नाही. म्हणून तर आज सांगलीत ही बैठक बसली होती.

तासगावच्या ग्रंथपाल रझिया मुजावर मागच्या रांगेतून उठल्या. “सर, त्या दारात मी आले होते. पुस्तकांची यादी अकारविल्हे लागत नाही, असं चार वर्षांपूर्वी या सॉफ्टवेअरच्या ग्रुपवर विचारलं. ‘आधी माहिती वाचून या,’ असं तुम्ही लिहिलंत. मी सगळी वाचली. चूक तुमच्या कोडमध्येच निघाली. शिकून ती मी दुरुस्त केली. तालुक्यातली अकरा वाचनालयं आज त्यावरच चालतात. तुम्हाला पाठवायचा मात्र धीर झाला नाही.”

हेरंबचे कान तापले. याच चुकीने गेले दोन महिने त्याच्या नाकी नऊ आणले होते. उठून त्याने आपली खुर्ची मागे ओढली. “बसा मॅडम. आत्ताच पाठवा.”

रझियांनी त्याच्या लॅपटॉपवर ग्रुप उघडला आणि त्या थबकल्या. सकाळीच सानिका नावाच्या कुणा मुलीने एक प्रश्न विचारला होता. खाली हेरंबचं उत्तर : ‘आधी माहिती वाचून या.’

त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. हेरंबने ती ओळ पुसली. मग उभ्याउभ्याच टाइप केलं, ‘नेमकं कुठे अडलंय?’