राजावर राज्य

मिरचीने राजाच्या पाठीत सणसणीत थाप मारली आणि ती ओरडली, "राजावर राज्य!"

सगळा खेळ जागच्या जागी थांबला. तळ्याकाठच्या बागेत पकडापकडी चालली होती, पोरं सगळी घरचीच, आणि घरचा एक नियम होता: राजावर राज्य येत नाही. राजाने मध्ये हवं तेवढं हुंदडावं, हसावं, टाळ्या वाजवाव्यात. त्याला कुणी पकडायचं नाही, म्हणजे त्याच्यावर कुणाला पकडायची वेळही येत नाही. अंगाने बापाच्या खांद्याला लागलेला मुलगा, पण डावा पाय ओढत चालायचा आणि सगळं बोलणं दोन-चार शब्दांत भागवायचा. लाडाने नाव राजा ठेवलं, राज्य मात्र आजवर एकदाही दिलं नव्हतं.

मिरची त्याची चुलत बहीण, आणि नावाला जागणारी. सकाळी राजा तिच्या नव्याकोऱ्या टोपीवर बसला होता, आणि मोठ्यांनी "जाऊ दे गं, त्याला काय कळतंय" म्हणून उलट तिलाच गप्प केलं होतं. तो राग तिने दुपारपर्यंत जपून ठेवला होता. "आता बस राज्य घेऊन," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत."

मिरचीची आई, म्हणजे राजाची काकू, चटईवरून ताडकन उठली आणि तिने लेकीचा कान धरला. मग राजाच्या आईकडे बघून जीभ चावली, चेहरा पाडला. या बाईचं हे नेहमीचंच, तोंडात साखर. चटया अंथरतानाच तिने हळूच सुचवलं होतं की राजाला आपलं बाकावर बसवलं तर बरं, उगाच पडलाझडला तर बोल आम्हाला लागायचा. राजाच्या आईने तेव्हा हसून डबे उघडायला घेतले होते. ती बसमध्ये कंडक्टर. आठवडाभर परक्यांशी भांडायची, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांशी गोड बोलून बोलून तिचा जबडा दुखायचा. नवरा तोंडावर रुमाल टाकून आडवा झाला होता. भांडणाचा वास आला की त्याला हमखास झोप लागायची.

"सॉरी म्हण त्याला," काकू मिरचीला म्हणाली.

"काही नाही म्हणायचं," राजाची आई म्हणाली. "राज्य दिलंय ना तिने? मग दिलं. परत घ्यायचं नाही."

"अहो वहिनी, तो कुणाला पकडणार?"

"ते त्याचं तो बघेल. तू तिचा कान सोड."

म्हणाली खरी, पण पोरगा सगळ्यांसमोर नुसताच उभा राहिला तर? मग ही जाऊ जन्मभर तेच उगाळत बसेल, आणि वर खरी ठरेल.

राजाने सगळ्यांकडे पाहिलं. मग वळून तो झाडापाशी गेला, बुंध्याला डोकं टेकलं आणि डोळे झाकून घेतले. पोरं फिदीफिदी हसली. खेळ पकडापकडीचा, आणि हा लपाछपीचं राज्य घेऊन उभा. काकूने 'बघा, मी म्हटलं नव्हतं' असा सुस्कारा सोडला. राजाच्या आईला त्या सुस्काऱ्याचाच गळा आवळावासा वाटला.

"अरे ए शहाण्या," मिरची खेकसली, "लपाछपी नाहीये ही. माझ्या मागे ये."

राजाच्या आईने चमकून तिच्याकडे पाहिलं. तिच्या पोरावर आजवर असं कुणी खेकसलं नव्हतं.

राजा वळला आणि सुटला. पाय ओढत, हात पसरून, तोंडाने हूऽऽ करत. मिरचीच्या थोरल्या भावाने मोठ्या मनाने हात पुढे केला, घे राजा, मला पकड म्हणाला. राजाने त्या हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला मिरचीच हवी होती. आणि मिरची पळत होती, खरंखुरं पळत होती, वाकुल्या दाखवत, फुलझाडांच्या वाफ्याभोवती त्याला गरागरा फिरवत. दयामाया तिच्या अंगात औषधालाही नव्हती.

तेवढ्यात तिच्या चपलेचा पट्टा निघाला. "टाइम प्लीज," तिने हात वर करून सांगितलं आणि ती खाली वाकली.

राजा थांबला. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं, जरा इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच पुढे झाला आणि तिच्या पाठीत धपाटा घातला.

"राज्य," तो म्हणाला.

मिरची लालबुंद झाली. "रडीचा डाव! मी टाइम प्लीज म्हटलं होतं. राजा चीटिंग करतो."

"अगं, त्याला काय कळतंय टाइम प्लीज," काकू म्हणाली.

"सगळं कळतं त्याला." मिरचीला रडू फुटलं होतं. "मुद्दाम केलं त्याने. लबाड आहे तो, एक नंबरचा लबाड."

 एवढं चांगलं राजाबद्दल आजवर कुणीच बोललं नव्हतं. त्याची आई उठली, हिरवळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि भरल्या बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "राजा, टाइम प्लीज म्हटल्यावर पकडायचं नाही. राज्य अजून तुझ्यावरच."

राजाने पाय आपटला. गाल फुगवून तो आईकडे रागाने बघत राहिला.

मिरचीने नाक पुसलं. पट्टा लावायचा सोडून तिने दोन्ही चपला काढल्या, आपल्या आईच्या अंगावर भिरकावल्या आणि ती अनवाणी पळत सुटली.