तीन थरांची बॅटरी

"एवढी चालू करून द्या बाई," म्हणत तिने पिशवीतली वस्तू प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली.

विज्ञानाच्या बाईंनी ती बघताक्षणी ओळखली. सहावीच्या मुलांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली बॅटरी. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला वहीचा कागद, त्यावर कोळशाची पूड; असे तीन थर तीन-चारदा एकावर एक रचलेले, आणि मोडक्या खेळण्यातला इवलासा लाल दिवा. बाकीच्यांनी थरांना रबर लावलं होतं. ही एकटीच निळ्या दोऱ्याने करकचून बांधलेली होती. ती बनवणाऱ्या पोरीची आई शिवणकाम करायची.

ती आईच समोर उभी होती. पोरगी जाऊन बावीस दिवस झाले होते.

वर्ग त्या पोरीला 'का-काकू' म्हणायचा. पत्राच का? मीठच का, साखर का नाही? बाई कधी वैतागायच्या, कधी हसायच्या. ताप आला म्हणून तीन दिवस शाळेत आली नाही, आणि मग आलीच नाही.

"दवाखान्यात उशाशी घेऊन झोपायची," आई म्हणाली. "येईल त्या नर्सला दाखवायची. मग एके दिवशी दिवा लागेना. म्हणाली, राहू दे, शाळेत गेल्यावर बाईंना विचारते, का ते."

बाईंनी बॅटरी उजेडात धरली. पत्रा कडेने पार खाल्ला गेला होता, पांढरी पूड सुटत होती. कागद वाळून कडक झाला होता. नवा पत्रा, नवा कागद, दहा मिनिटांचं काम. त्यांनी कात्री उचलली.

आईने झटकन बॅटरीवर हात ठेवला. "उघडू नका. गाठ तिने मारलीये."

बाईंनी कात्री खाली ठेवली. वाटीत मीठ विरघळवलं आणि ड्रॉपरने थेंब थेंब पाणी कडेने आत सोडलं. दोघी वाट बघत राहिल्या. दिवा लागला नाही.

"वरून दाबून धरा, ताई. अंगठ्यांनी. थर एकमेकांना टेकायला हवेत."

आईने दोन्ही अंगठे ठेवून दाबलं. लाल ठिपका थरथरला आणि लागला.

"अगं बाई!" आईच्या तोंडून निघालं. ती हसली, अगदी लेकीसारखी, वरचा ओठ मुडपून. बाईंना खिडकीकडे बघावं लागलं.

"किती वेळ चालेल?"

खोटं उत्तर देण्यापेक्षा 'माहीत नाही' म्हणा, असं बाई सतरा वर्षं मुलांना सांगत आल्या होत्या. इथे तर उत्तर माहीत होतं. पाच मिनिटं, फार तर दहा.

"बराच वेळ," त्या म्हणाल्या.

तास बदलल्याची घंटा झाली. दाराशी सहावीची रांग येऊन उभी राहिली. बाईंनी बाहेर जाऊन त्यांना मैदानावर जायला सांगितलं. पुढच्या दोघींनी आत डोकावलं, आई दिसली, टेबलावरचा निळा दोरा दिसला. मग सगळी रांग आवाज न करता मागे फिरली.

बाई परत आल्या तेव्हा दिवा विझला होता. आई तशीच दाबून बसली होती. अंगठे पांढरे पडले होते, खारं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं.

बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या. "ताई, गेला तो."

"कळलं मला."

मैदानावरूनसुद्धा आवाज येत नव्हता.

"सोडू?" आईने विचारलं.

बाईंनी तिच्या हातांवर आपले दोन्ही हात ठेवले, आणि दाबून धरले.