गावंढळ अक्षरं

तीन महिने ताटकळत ठेवून डिझायनरने औषधांच्या दुकानाची वेबसाइट एकदाची काउंटरवरच्या लॅपटॉपवर उघडून दाखवली. दुकानवाल्या काकूंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. पांढऱ्यावर फिकट राखाडी, मुंगीएवढी अक्षरं!

"अरे, फोन नंबरसुद्धा वाचता येत नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची आहेत."

"मोठी अक्षरं गावंढळ दिसतात, काकू. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

काकूंनी नाक मुरडलं. त्याने डोकेदुखीची गोळी मागितली, ती त्यांनी पुढे सरकवली. तो स्ट्रिपवरची एक्सपायरी शोधायला लागला. उजेडात धरली, तिरकी केली, डोळ्यांना चिकटवली.

"काही दिसतंय का यात? कुठल्या गाढवाने छापलंय हे!"

काकूंनी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"तुझाच भाऊबंद असणार."