खुर्चीवरचा कोट

शेजारच्या खुर्चीच्या पाठीला कोट अडकवून तो माझ्याकडे वाकला. "दूध पावडरीचं कलम आलं की मला फोन कराल? मी खाली मासेमारीच्या बैठकीत आहे."

त्याच्या एका बेटाएवढ्या देशातून तो एकटाच आला होता. व्यापाराच्या वाटाघाटी एकाच वेळी तीन दालनांत चालू होत्या आणि चार दिवस तो नुसता जिने चढत-उतरत होता. भारताचे आम्ही नऊ जण होतो. त्याच्याकडच्या गवळ्यांचं दूध बाहेरच्या स्वस्त पावडरीपुढे खपत नाही, हे त्यानं मला कॉफी पिताना दोनदा सांगितलं होतं.

दुपारी सरकारी धान्यसाठ्याची आमची सवलत एकदाची मंजूर झाली. लगेच अध्यक्षांनी पावडरीवरचा आयातकर उतरवण्याचं कलम वाचलं. "कोणाची हरकत?" त्या सभागृहात गप्प राहणं म्हणजे होकार. मी फोन उचलला.

"ढवळीकर, आता नको," आमचे साहेब पुटपुटले. "आपलं काम झालंय. त्यानं हरकत घेतली तर बाकीचे उगाच सगळं पुन्हा उघडायला लावतील."

मीही दमले होते. फोन पालथा ठेवला. हातोडा पडला.

तो धापा टाकत वर आला तेव्हा लोक कागद आवरत होते. "आलं का आमचं कलम?"

"मंजूर झालं," मी म्हणाले. "कोणी हरकत घेतली नाही."

त्यानं खुर्चीवरचा कोट अंगात घातला आणि तो सांभाळल्याबद्दल माझे आभार मानले.