हिवरा रोडचे मास्तर

अकरा वाजेपर्यंत सुकेशनी सहा वेळा फाटकापर्यंत जाऊन आली होती. पाव्हण्यांना अकोला स्टेशनवरून घेऊन निघालेली मोटार साडेदहालाच जऊळक्यात पोचायला हवी होती. सातव्यांदा गेली तेव्हा शेजारच्या रुखमाबाईंनी कुंपणावरून विचारलंच.

"काहून वं, आले नाही काय मास्तर अजून?"

"मास्तर नाही, माय. नट हायत ते. देवकुळे साहेब."

"आमाले त मास्तरच माहीत हायत," रुखमाबाई म्हणाल्या.

त्यांचंही बरोबर होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर 'हिवरा रोड' ही मालिका लागायची, तेव्हा अख्ख्या वस्तीत टीव्ही एकच होता, सुकेशनीच्या सासऱ्यांच्या घरी. उकंडराव रेल्वेत गँगमन. दर शनिवारी संध्याकाळी ते टीव्ही ओट्यावर आणून ठेवायचे आणि अर्धी वस्ती अंगणात बसायची. आडबाजूचं एक स्टेशन, दिवसाला दोन गाड्या, आणि गाडी चुकलेल्या माणसाला हाताला धरून घरी जेवायला नेणारे स्टेशनमास्तर दिगंबरपंत. वसंत देवकुळे ते काम इतकं झकास करायचे, की साहेबाची बोलणी खाऊन आलेले उकंडराव म्हणायचे, "आपले मास्तर असते त असं बोलले नसते."

उकंडराव गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची बायको भागिरथाबाई ब्याऐंशीच्या होत्या. दोन वर्षांपासून त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. कधी सुनेला नीट हाक मारायच्या, कधी तिला जनगणनेवाली समजून घरातली माणसं मोजून दाखवायच्या. परवा पोटच्या पोराला, प्रसेनजितला, त्यांनी पाव्हणा म्हणून पाण्याचा तांब्या दिला. हिवरा रोड मात्र त्यांच्या लेखी खरंखुरं गाव होतं. "मास्तरची बदली त नाही झाली?" असं त्या अधूनमधून विचारायच्या.

म्हणूनच सुकेशनीने पत्ता मिळवून देवकुळ्यांना पत्र लिहिलं होतं. उत्तर येईल असं तिला वाटलंच नव्हतं. आठ दिवसांत त्यांच्या मुलीचं, मंजुषाताईंचं उत्तर आलं. 'बाबांना घेऊन येते. सत्कार नको, फोटो नकोत. फक्त आईंची भेट होऊ दे.'

आणि आज सकाळपासून सुकेशनीचा पाय घरात ठरत नव्हता. एवढा मोठा माणूस पुण्याहून येतोय, आणि आईंनी ओळखलंच नाही तर? काही वेडंवाकडं बोलल्या तर? कोण येणार हे तिने त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान फिरवली.

पावणेबाराला मोटार आली. मंजुषाताई आधी उतरल्या आणि त्यांनी वडिलांना हात दिला. देवकुळे पाठीत वाकले होते, पण अंगात मालिकेतला तोच पांढरा कोट होता, गळ्यात तीच शिट्टी. सुकेशनीला भरून आलं. कोण कुठली म्हातारी, आणि तिच्यासाठी या माणसाने एवढ्या उन्हात तो कोट चढवला होता.

"जयभीम साहेब," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तिकीट?"

सुकेशनी खळखळून हसली. मंजुषाताई हसल्या नाहीत.

भागिरथाबाई ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी आधी कोटाकडे पाहिलं, मग देवकुळ्यांच्या तोंडाकडे, मग त्यांच्या कोपराखाली धरलेल्या लेकीच्या हाताकडे.

"या मास्तर," भागिरथाबाई म्हणाल्या. "गाडी कवा हाय?"

देवकुळ्यांचा चेहरा उजळला. "चाळीस मिनिटं लेट आहे, बाई. उन्हात नका बसू. वेटिंग रूम उघडून देतो."

"राहू द्या. इथं सावली हाय. तुमी जेवले काय?"

"ड्यूटी सोडून कसा जाऊ?"

"मंग इथंच जेवा. गाडी आली त मी आवाज देईन."

देवकुळे बसले. भाकरी आणि वांग्याची भाजी त्यांनी मागून घेऊन खाल्ली. मंजुषाताई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. जेवताना देवकुळ्यांनी गाडीची वेळ तीनदा विचारली. भागिरथाबाईंनी तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं, न चिडता, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. दोघं तास दीड तास बोलत राहिली. सिग्नलचा खांब, फलाटावरची शेळी, न सुटलेलं पार्सल. केवढा कसलेला नट, सुकेशनीला वाटलं. एक क्षण म्हणून भूमिका सोडली नाही.

तिने सहीसाठी वही पुढे केली, तर मंजुषाताई घाईने म्हणाल्या, "सही नको. हात कापतो त्यांचा."

निघताना देवकुळ्यांना मोटारीत बसवून झाल्यावर सुकेशनीने हात जोडले. "आमच्या आईसाठी साहेबांनी एवढं नाटक केलं. तुमचे उपकार कसे फेडू?"

"बाबा नाटक करत नव्हते," मंजुषाताई म्हणाल्या.

सुकेशनीने जोडलेले हात खाली घेतले.

"तीन वर्षं झाली. स्वतःचं नाव कानावर पडलं की घाबरतात. माझी आई गेली, तेही आठवत नाही. हिवरा रोड तेवढं शिल्लक आहे. आम्ही सगळे सांगत राहतो, बाबा, तुम्ही नट आहात. मग रात्रंदिवस येरझारा, रडणं. तुमचं पत्र वाचलं आणि वाटलं, त्यांना खरे मास्तर समजणारं एक तरी माणूस आहे." त्यांनी काचेतून आत पाहिलं. देवकुळे मान टेकून झोपी गेले होते. "चला, येते."

मोटार वळणाआड गेली तरी सुकेशनी फाटकाशीच उभी होती. ती ओट्यावर आली तेव्हा भागिरथाबाई दमून मागे रेलल्या होत्या, पदराने कपाळ पुसत होत्या.

"गेले काय?"

"हो आई. गेले मास्तर."

भागिरथाबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"बिचारे देवकुळे साहेब," त्या म्हणाल्या. "असं कवापासून झालं वं सुकेशनी, त्यायले?"